मीटर बदलण्याआधी अर्थिंग पाहा

उमरी परिसरातला कापूस, सोयाबीन, भाजीपाला बाजारापर्यंत नेण्यासाठी अनेक घरांनी पिकअप घेतली आहे. बऱ्याच जणांची गाडी कर्जावर असते. घरखर्च आणि हप्ता दोन्ही तिच्याच चाकांवर चालतात. म्हणून मीटरवरचे दिवे लुकलुकू लागले, काटे भलतीकडेच फिरू लागले की घरात काळजी पसरते. त्यातच कुणी “मीटर गेलं, नवं टाका” असा सल्ला देतो. आमचं वाचकांना सांगणं आहे की खिशात हात घालण्याआधी बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज या तीन गोष्टी तपासून घ्या.

बॅटरीच्या निगेटिव्हची जाड वायर गाडीच्या लोखंडाला आणि इंजिनला जोडलेली असते. दिवे, हॉर्न, मीटर यांतून गेलेली वीज त्याच लोखंडातून बॅटरीकडे परतते. हा जोड गंजला किंवा सैल झाला की वीज आडवाटेने परतू लागते. मग हेडलाइट लावताच टेम्परेचरचा काटा चढतो, इंडिकेटर दिला की ब्रेक लाइटही लुकलुकतो. सेल्फ मारताना मीटर बंद होऊन घड्याळ शून्यावर येत असेल, तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं असण्याची शक्यता मोठी. चार गोष्टी एकदम बिघडल्या तर दोष बहुधा सामाईक जागी असतो. फक्त डिझेलचा काटा चुकत असेल तर मात्र टाकीतला फ्लोट आणि त्याची वायर पाहावी.

घरात एक साधा मल्टीमीटर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवायला हवी; 12.2 च्या खाली असेल तर ती अर्धीही भरलेली नाही. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण 13.5 ते 14.5 हवा. तो वाढतच नसेल तर डायनामो किंवा त्याचा पट्टा पाहा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर. आता हेडलाइट लावा आणि मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. फरक 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगचा बोल्ट खोला, जागा पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट आवळा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढावी, लावताना ती शेवटी लावावी. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि बॅटरीजवळ विडी-काडी नको.

काही सवयी मात्र मोडल्याच पाहिजेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नये. फ्यूज जळतो तो वायरिंग जळू नये म्हणून. 10 अँपिअरच्या जागी 10 चाच घाला, आणि तो पुन्हा उडाला तर वायर कुठे घासली, उंदराने कुठे कुरतडली ते शोधा. डायनामो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी रीत आजच्या गाडीचं मीटर आणि कॉम्प्युटर दोन्ही जाळू शकते. मागच्या हौद्याला वेल्डिंग करण्याआधीही बॅटरी सोडवून ठेवा. जादा लाइट बसवायचे असतील तर वेगळा रिले आणि फ्यूज घ्या. चालू वायर सोलून जोड देऊ नका.

प्रत्येक दिवा खोटा समजणंही धोक्याचं आहे. ऑइलचा लाल दिवा पेटला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॅटरीचा दिवा लागून टेम्परेचरही चढलं तर पट्टा तुटला असेल. अशा वेळी पुढच्या गावापर्यंत रेटलं तर इंजिनच बसतं. चावी फिरवल्यावर हे दिवे क्षणभर पेटून इंजिन सुरू होताच विझतात ना, हे रोज पाहावं.

गाडीत भरलेला माल दुसऱ्याची अमानत असतो, आणि रस्त्यावर चालणाऱ्यांचा जीव त्याहून मोठा. अंधारात मागचा दिवा बंद असलेली उभी पिकअप मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. म्हणून संध्याकाळी निघण्यापूर्वी घरातल्या कुणालाही मागे उभं करा, ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या. मुलं हे काम आनंदाने करतात, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.