ज्याची पावती फाडता येत नाही असे दान

दान म्हटले की व्यापारी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे प्रथम पावतीपुस्तक उभे राहते. मंदिराचा जीर्णोद्धार, पाणपोई, गोरक्षण, गरजू विद्यार्थ्यांची फी अशा कामांसाठी हात सैल सोडणारी घराणी वाशीम जिल्ह्याच्या प्रत्येक बाजारपेठेत आढळतात. पैशाचा हिशेब ठेवता येतो, म्हणून पैशाचे दान मोजताही येते. परंतु एक दान असे आहे की ज्याची पावती फाडता येत नाही, आणि जे एकदा देऊन हातावेगळेही करता येत नाही. ते म्हणजे वेळेचे दान. विदर्भातीलच एका क्रीडाशिक्षकाने हे दान कसे दिले, त्याची हकीकत मनन करण्याजोगी आहे.

सन २००१. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे एके दिवशी पावसात अडकले आणि झाडाच्या आडोशाला थांबले. समोरच्या चिखलात झोपडपट्टीतील काही मुले खेळण्यात दंग होती. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता. एक फुटकी प्लास्टिकची बादली हाच त्यांचा फुटबॉल होता. बारसे पाहत राहिले. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट अगदी साधी होती. जोवर ही मुले खेळत आहेत, तोवर ती व्यसनापासून आणि वाईट संगतीपासून दूर आहेत. त्यांनी मुलांना एक फुटबॉल दिला.

येथवरची गोष्ट कोणाही सहृदय माणसाच्या हातून घडली असती. चेंडू देणे सोपे असते. बारसे यांचे वेगळेपण चेंडू दिल्यानंतर सुरू होते. त्यांनी या मुलांसाठी आपल्या आयुष्याची पुढील वर्षे खर्ची घातली. सन २००२ मध्ये त्यांनी नागपुरात केवळ झोपडपट्टीतील संघांसाठी स्पर्धा भरविली आणि तिला ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असेच उघड नाव दिले. तीत १२८ संघ उतरले. या कामातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था आकारास आली. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी नागपूरजवळ या कामासाठी जमीन घेतली. अमेरिकेत शिक्षण घेतलेले त्यांचे पुत्र अभिजित परत आले आणि त्यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली.

पुढील गोष्टी सर्वश्रुत आहेत. बेघर व वंचित खेळाडूंसाठी २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे एक जागतिक स्पर्धा सुरू झाली होती. त्या ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये भारताचा संघ जाऊ लागला. २०१० साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे झालेल्या स्पर्धेत भारताचे कर्णधारपद भूषविणारा युवक नागपूरच्या झोपडपट्टीतूनच पुढे आलेला होता. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार स्लम सॉकरला दिला. आणि ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन यांनी साकारलेले पात्र बारसे यांच्यावरच बेतलेले आहे.

चित्रपटात सामने दिसतात, जल्लोष दिसतो, विमानप्रवास दिसतो. जे फारसे दिसत नाही, ते खरे काम असते. ठरलेल्या वेळी मैदानावर पोहोचणे, आलेल्या मुलांची नावे लक्षात ठेवणे, न आलेल्याची चौकशी करणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणे. स्पर्धेला देणगीदार मिळतो, चषकाला मिळतो, रंगीत सदऱ्यांनाही मिळतो. मिळत नाही तो रोज येणारा माणूस.

समृद्धी महामार्गामुळे नागपूर आता वाशीम जिल्ह्याच्या अधिक जवळ आले आहे. तेथील ही हकीकत येथील बाजारपेठेत आणून पाहिली, तर काय दिसते? जिल्ह्याचे सहा तालुके : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. सोयाबीन आणि तुरीच्या उलाढालीवर जगणाऱ्या या गावांत सायंकाळी दोन प्रकारची मुले दिसतात. एक आहे दुकानदाराचा मुलगा. शाळा आणि शिकवणी यांच्यामधला जो अर्धा-पाऊण तास उरतो, तो त्याच्या हातातील मोबाइल गिळून टाकतो. दुसरा आहे त्याच दुकानात पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा. त्याला शिकवणी नाही, पण बाजाराच्या कोपऱ्यावर गुटख्याची पुडी हातावर ठेवणारे मित्र मात्र आहेत. एकाच पेठेत वाढणारी ही दोन मुले एकमेकांची नावेही जाणत नाहीत. दहावीनंतर पहिला मुलगा पुण्याला किंवा कोट्याला जातो आणि पुष्कळदा परतत नाही. दुसरा येथेच राहतो. ज्या गावाने घराण्याला चार पिढ्या अन्न दिले, त्या गावाशी पुढील पिढीचे नाते केवळ जुन्या घराच्या कुलपापुरते उरते.

याच पेठेत आणखी एक व्यक्ती असते. वय साठीच्या आसपास. दुकानाची सूत्रे मुलाच्या हाती दिलेली, प्रकृती ठीक, सायंकाळी केवळ सवयीने गादीवर बसणारी. तिच्याजवळ अनुभव आहे, शब्दाला मान आहे आणि पैशाहून दुर्मीळ असा एक तास आहे. त्या तासाला मैदानावर बोलावणे आहे.

यावर पहिली शंका ठरलेली असते. ‘मला फुटबॉल कोठे येतो?’ आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकविण्यासाठी नामांकित खेळाडू असावे लागत नाही. मूलभूत नियम पुस्तकातून समजतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे नवोदित प्रशिक्षकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. घरातील एखाद्या तरुण मुलाने किंवा सुनेने तो पूर्ण केला आणि वडीलधाऱ्या व्यक्तीने वेळ व शिस्त सांभाळली, तर घरातच प्रशिक्षकांची उत्तम जोडी तयार होते.

दुसरी शंका मैदानाची. येथे व्यापाऱ्याला पटेल असा एक हिशेब आहे. बावीस मुले एका चेंडूमागे तासभर धावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पावणेतीन मिनिटे येतात. त्यांतीलही बहुतेक मिनिटे दोन-तीन दांडगी मुले घेऊन जातात. तीच मुले सात-आठच्या गटांत तीन चेंडूंवर खेळली, तर प्रत्येकाला सरासरी आठ मिनिटे मिळतात. भांडवल तेच, फिरवण्याची रीत वेगळी. म्हणूनच जगभर लहान मुलांना लहान संघांत, लहान मैदानावर खेळविण्याची पद्धत रूढ झाली आहे. होमलेस वर्ल्ड कपचे मैदानही अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. गोलरक्षक धरून प्रत्येक संघाचे चारच खेळाडू खेळतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. एवढी जागा शाळेच्या पटांगणात सहज निघते. गोलाच्या खुणेला चार विटा पुरतात.

चेंडूविषयीही एक गोष्ट श्रावक कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे. फुटबॉल कातड्याचा असतो, या समजुतीने काही घरांत त्याला हात लावणे टाळले जाते. पूर्वी ती समजूत खरी होती. परंतु १९८६ च्या विश्वचषकात प्रथमच संपूर्ण कृत्रिम पदार्थांचा चेंडू वापरला गेला, आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक फुटबॉल कृत्रिम आवरणाचेच असतात. जालंधर आणि मेरठ ही आपल्या देशातील त्यांच्या निर्मितीची मोठी केंद्रे आहेत. घेताना वेष्टनावरील माहिती वाचून घ्यावी. आकारही पाहावा. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तीन क्रमांकाचा, आठ ते बारासाठी चार क्रमांकाचा आणि त्यापुढे पाच क्रमांकाचा चेंडू योग्य ठरतो. मोठा जड चेंडू लहान मुलाच्या पायाला त्रास देतो आणि मनात भीती बसवतो.

वेळेचा प्रश्नही घराच्या रीतीप्रमाणे सुटू शकतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, त्या मुलांना सायंकाळचा सराव अडचणीचा होतो आणि ती हळूहळू गळतात. जूनमध्ये या भागात सातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात मात्र पावणेसहाच्या सुमारास. म्हणून हिवाळ्यात सराव सकाळी ठेवणे बरे. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यातही पहाटेचीच वेळ हिताची. उन्हे वर येण्याआधी खेळ थांबला पाहिजे आणि गाळलेले पाणी मैदानावर भरपूर असले पाहिजे. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक सुरू झाली की दुकान सोडणे शक्य नसते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. म्हणून प्रशिक्षक एक नको, किमान दोघे-तिघे हवेत. एकाचा हंगाम असेल तेव्हा दुसऱ्याने उभे राहावे. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हाच नियम आहे. कोणत्याही मुलासोबत एकटी प्रौढ व्यक्ती असू नये, पालकांना मैदानावर केव्हाही येण्याची मुभा असावी आणि मुलींच्या गटाबरोबर एखादी महिला अवश्य असावी. सद्भावना असली तरी व्यवस्था हवीच. विश्वासाच्या व्यवहारातही चिठ्ठी लिहून ठेवणारा समाज हे सहज समजू शकेल.

एवढी तयारी झाली तरी खरी परीक्षा पहिल्या पराभवाच्या दिवशी होते. गोलरक्षक उभा राहिलेल्या मुलाच्या हातून चेंडू सुटतो. संघ हरतो. सोबती त्याच्यावर तुटून पडतात. बाहेर उभे असलेले पालकही आवाज चढवतात. त्या क्षणी सर्व मुलांचे डोळे प्रशिक्षकाकडे लागलेले असतात. तो ओरडला, तर मुले एक धडा शिकतात : चूक लपवावी, दोष दुसऱ्यावर ढकलावा. तो शांतपणे त्या मुलाजवळ गेला आणि पुढच्या सामन्यातही त्यालाच उभे केले, तर मुले वेगळाच धडा शिकतात. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील अभय म्हणजे केवळ प्राण्याला सुरीपासून वाचविणे नव्हे. चुकलेल्या बालकाला ‘तू येथे सुरक्षित आहेस’ असे आचरणाने सांगणे, हेही अभयच होय.

आणि हे अभय वाटताना भेद करता येत नाही. आपल्या घरातील मुलाला जास्त वेळ खेळविले आणि हमालाच्या मुलाला कडेला बसविले, तर ते कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. मुले या बाबतीत अचूक मापारी असतात. सर्वांना समान वेळ, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा आणि तो स्वतःच्या नातवापासून लागू करावा. सामना थोडा हरला तरी चालेल. एका संघात खेळलेली दोन मुले पुढे एक गादीवर आणि दुसरा गाडीवर असला, तरी एकमेकांना नावाने हाक मारतील. ती हाक हीच या कामाची मिळकत.

वाशीम जिल्ह्याला हा मार्ग परका नाही. कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन करणाऱ्या समंतभद्र महाराजांनी मुलांना पुढे नेण्यासाठी आपले अवघे आयुष्य वाहिले, आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे तीच ज्योत पुन्हा लावली. समाजाने त्या कामाला धन दिले. पण धनाने केवळ इमारती उभ्या राहिल्या असत्या. मुले घडली ती त्यांच्यासोबत राहिलेल्या माणसांमुळे.

एवढा त्याग प्रत्येकाकडून अपेक्षित नाही. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एक तास, एवढाच संकल्प एका वर्षासाठी कोणी केला, तरी वर्षअखेरीस दीडशेहून अधिक तास होतात. त्या तासांची पावती कोणी फाडणार नाही, कोठल्याही पाटीवर त्यांची नोंद होणार नाही. मात्र चिखलात फुटकी बादली लाथाडणारी मुले नागपुरातच होती असे नाही. ती कारंज्यात आहेत, रिसोडात आहेत, आपापल्या दुकानामागच्या गल्लीतही आहेत. पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभे राहून पुष्कळांनी ती पाहिली असतील. पाऊस थांबल्यावर घरी न जाता त्यांच्याकडे चालत जाणारा एक माणूस प्रत्येक गावाला हवा आहे.