साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : दादर-माटुंग्याचा विसरलेला नियम

१/ दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याच्या पाच बागा. तिथली सावली आणि इमारतींमधले ऐसपैस अंतर हा जुन्या मुंबईचा आपसूक आलेला थाट आहे, असे मानण्याची रीत पडली आहे. ही समजूत साफ चुकीची आहे. तो थाट नियमाने घडवला आणि आज नियमाच्याच आधाराने मोडला जात आहे.

२/ १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगने थैमान घातले. सरकारचे बोट कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे वळले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्यात आधी रस्ते, भूखंड आणि बागा आखल्या. घरे नंतर आली.

३/ ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने पुढे रेटला. तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचावा, म्हणून भिंतीच्या उंचीच्या निम्मे अंतर खिडक्यांसमोर मोकळे हवे. साठ फूट उंची, तर तीस फूट मोकळे.

४/ या ट्रस्टला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. गरिबांची जितकी घरे त्याने पाडली, तितकी बांधली नाहीत. मंचेरजी जोशींच्या प्रयत्नांनी राखले गेलेले १०३ भूखंड केवळ पारशांसाठी होते. 'वस्तीचे स्वरूप' या शब्दाआड माणसे बाहेर ठेवली जातात, हा आक्षेप खराच आहे.

५/ परंतु कोणी राहावे हे ठरवणारी अट वेगळी आणि उजेड किती मिळावा हे ठरवणारी अट वेगळी. पहिली माणसाचा धर्म विचारते, दुसरी भिंतीची उंची मोजते. पहिली टाकून दुसरी खुशाल जपता येते.

६/ आज मोकळी जागा नियमापेक्षा कमी सोडायची असेल, तर महापालिकेकडे अधिमूल्य भरून सवलत मिळवता येते. पैसा तिजोरीत जातो. उजेड मात्र शेजाऱ्याचा जातो.

७/ 'लोकांना घरे हवीत, तिथे मोकळ्या जागेचे लाड कशाला?' घरे हवीतच. पण मानखुर्दच्या लल्लूभाई आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडांत पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या केल्या गेल्या. तिथला क्षयरोग आणि उजेड-हवेचा अभाव यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. मोकळ्या जागेला चैन म्हणणाऱ्यांनी ती नाकारल्याची किंमत कोण मोजतो, हे तिथे जाऊन पाहावे.

८/ २०१५ मध्ये हजारो हरकतींपुढे मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा नव्याने करणे सरकारला भाग पडले. आराखड्याला जी जाहीर हरकत-सुनावणी लागते, तीच मोकळ्या जागेच्या प्रत्येक सवलतीलाही लागली पाहिजे, आणि तीही प्रभागातच. ज्याच्या खिडकीवर सावली पडणार, त्याला आधी विचारले गेलेच पाहिजे. प्लेगने शिकवलेला धडा अधिमूल्य घेऊन विकण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.