डायलिसिसवरील ज्येष्ठांचा गोंधळ समजून घेताना

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला डायलिसिससाठी जाणाऱ्या ज्येष्ठ रुग्णाचा अवघा दिवस त्यातच सरतो. यंत्रावर साधारण 4 तास, वर प्रवासाचा शीण; आणि हे आठवड्यातून दोन-तीन वेळा. सायंकाळी सून विचारते, "मामाजी, दुपारची गोळी घेतली का?" उत्तर येते, "घेतली असन बाई." पाण्याचा हिशेब चुकतो, वर्ज्य केलेले फळ खाल्ले जाते. घरच्यांना वाटते, हे मुद्दामच पथ्य पाळत नाहीत. हा आरोप पुष्कळदा अन्यायाचा असतो.

डायलिसिसवरील रुग्णांमध्ये आकलनाच्या अडचणी त्याच वयाच्या इतरांपेक्षा अधिक आढळतात. त्यांचे स्वरूप मात्र फसवे असते. 1972 च्या दुष्काळाची हकिकत हेच गृहस्थ तपशीलवार सांगतात. पण लक्ष टिकवणे, कामांचा क्रम लावणे, ऐन वेळी बेत बदलणे त्यांना जड जाते. स्मरण बरे दिसते, म्हणून अडचण कुणाच्या ध्यानी येत नाही.

कारणे अनेक आहेत. ज्या मधुमेहाने व उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी केली, त्यांनीच मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही इजा केलेली असते. रक्तात साचणारी दूषित द्रव्ये, रक्तक्षय, अपुरी झोप आणि खिन्नता यांची त्यात भर पडते. दोन डायलिसिसच्या मध्ये शरीरात फार पाणी साठले, तर ते यंत्रावर वेगाने काढावे लागते. रक्तदाब उतरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून पाण्याचे पथ्य मेंदूच्याही हिताचे आहे.

आता रुग्णाचे वेळापत्रक पाहा. फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. रक्तदाबाच्या गोळीची वेळ डायलिसिसच्या दिवशी निराळी असू शकते. पाणी मोजून प्यायचे. दुबळी झालेली नेमकी तीच शक्ती येथे पणाला लागते. चूक महागही पडते, कारण पोटॅशियम फार वाढल्यास हृदय बंद पडू शकते. रागावण्याने चूक टळत नाही; घराची व्यवस्था बदलल्याने टळू शकते.

गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत भरून ठेवा. दिनदर्शिकेवर डायलिसिसचे दिवस लाल खुणेने दाखवा. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरा. चहा, ताक, पातळ वरण घेतले की तेवढे पाणी बाटलीतून कमी करा. एका वेळी एकच सूचना द्या आणि ती त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐका. बँकेची वा शेतीची कागदपत्रे, डॉक्टरांचा नवा सल्ला, असे विषय यंत्रावर असताना किंवा घरी परतताच काढू नका. दुसऱ्या दिवशी डोके सहसा अधिक चालते. मात्र सगळीच कामे काढून घेऊ नका. भाजी निवडणे, दूधवाल्याचा हिशेब लिहिणे, जे जमते ते त्यांच्याकडेच राहू द्या.

डॉक्टरांना हा त्रास आपणहून सांगा. हिमोग्लोबिन, यंत्रावर उतरणारा रक्तदाब, झोप, मनःस्थिती आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या यांचा आढावा घेण्याची विनंती करा. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारी काही औषधे अंगात साठून गुंगी आणतात. आकलनाची छोटी चाचणीही करता येते. ती यंत्रावर असताना करू नये.

हळूहळू वाढणारा मंदपणा वेगळा आणि अचानक आलेला गोंधळ वेगळा. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, झटका आला किंवा माणूस ओळखू येईना, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर लगेच तपासा. मूत्रपिंडे निकामी असताना इन्शुलिनचा परिणाम जास्त वेळ टिकतो. कमरख हे फळ तर या रुग्णांना मुळीच देऊ नका. त्याने उचक्या, भ्रम व झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

आणि ज्येष्ठ वाचकांनो, "आज माझ्या ध्यानात राहत नाही" हे सांगण्यात कमीपणा मानू नका. तुम्ही बोललात, तरच घरच्यांना मदत कोठे करायची ते कळेल.