जळलेला वॉल काय सांगतो

रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासऱ्यांची जुनी बुलेट 350, सासरे हयात नाहीत. शोहर पाच वर्षं कुवेतला होते, तेवढा काळ गाडी पडवीत उभी. परतल्यावर इंजिन पूर्ण खोललं, पिस्टन-रिंग नवे, दोन्ही वॉल नवे. दोन महिन्यांत एक्झॉस्ट वॉल जळला. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो मिस्त्रीला काम येत नाही. मिस्त्री नात्यातलेच, त्यामुळे आता येणं-जाणंही बंद झालं आहे. शेवटी त्या विचारतात, "खरं कोण?"

पत्रावरून निकाल देता येत नाही. पण तो जळलेला वॉल घरात असेल तर साक्षीदार घरातच आहे. जुना सुटा भाग भंगारात जाऊ देऊ नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

आधी थोडं इंजिनाविषयी. मद्रासला 1955 साली एन्फील्ड इंडिया सुरू झाली तेव्हापासून कित्येक वर्षं या गाडीचं इंजिन मुळात तेच राहिलं. बोर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, एकूण 346 सीसी. बिडाचा सिलिंडर, वर अॅल्युमिनियमचं हेड, त्यात दोन वॉल. इंजिन मिनिटाला 4000 फेरे मारत असेल तर प्रत्येक वॉल मिनिटाला 2000 वेळा उघडतो आणि मिटतो. इनलेटला थंड हवा-पेट्रोल लागतं, त्याची मजा आहे. एक्झॉस्टच्या अंगावरून जळता वायू जातो. त्याला ही उष्णता टाकायला वाट मुख्यतः एकच, मिटल्यावर सीटला घट्ट टेकणं. उरलेली थोडी दांडीतून गाइडमध्ये जाते. टेकणं कच्चं राहिलं की त्या फटीतून आगीची जीभ निघते आणि कड वितळायला लागते.

म्हणून जळलेल्या वॉलची कड नीट बघा. एकाच जागी पाचर मारल्यासारखा तुकडा गेला असेल, तर तो त्या जागी टेकत नव्हता. दांडी वाकली असेल तर गोष्ट निराळी. वॉल गाइडमध्ये अडकला होता किंवा पिस्टनला लागला. अशा वेळी पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीची खूण आहे का, आणि पुशरॉड सरळ आहे का, हे दोन्ही पाहावं लागतं. दांडी एकाच बाजूनं घासून चकाकत असेल तर गाइड सैल. सीटवर काळे ठिपके असतील तर तो गंज आहे. इंजिन बंद पडतं तेव्हा बहुधा एखादा वॉल थोडा उघडा राहतो आणि कोकणातल्या पाच पावसाळ्यांची हवा त्यातून आत जाते.

या पत्रात मला खटकलेली गोष्ट अशी, की वॉल नवे, पण गाइड आणि सीटचा उल्लेखच नाही. सैल गाइडमध्ये नवा वॉल डुगडुगतो, दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. आणि गाइड बदललं तर सीट पुन्हा कापून घ्यावीच लागते, कारण नव्या गाइडचं केंद्र जुन्या सीटशी तंतोतंत जुळत नाही. हे काम मिस्त्री स्वतः करत नाही, हेड मशीनवाल्याकडे जातं. तिथे सीट न कापता नुसती पेस्ट लावून वॉल घासून दिला की वरून सगळं ठीक दिसतं. तेव्हा दुकानदार आणि मिस्त्री यांच्या भांडणात तिसरा माणूस कुणाच्या लक्षातच आलेला नाही! डुप्लिकेट माल बाजारात आहे हे मी नाकारत नाही. पण डुप्लिकेट म्हणण्याआधी हे तपासलं गेलं पाहिजे.

तपासायला शाळेतली पेन्सिल पुरते. वॉलच्या तिरक्या कडेवर मऊ पेन्सिलीनं थोड्या-थोड्या अंतरावर आडव्या रेघा मारा, वॉल सीटवर ठेवून दाबून पाव फेरा फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर तो सगळीकडे टेकतो. काही राहिल्या तर तिथे फट आहे. मग वॉल स्प्रिंगसह बसवून हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता आणि पाच-दहा मिनिटं थांबा. आतल्या बाजूला ओल आली तर हेड परत मशीनवर. हे हेड बसवण्याआधी तुमच्यासमोर करून दाखवा, असं मिस्त्रीला सांगण्यात त्याचा अपमान नाही. चांगला उस्ताद स्वतःहून दाखवतो.

दुसरा संशयित टॅपेट. नवे वॉल सीटमध्ये थोडे बसतात, दांडी वर सरकते आणि टॅपेटची मोकळीक संपते. मग मिटलेला दिसणारा वॉल प्रत्यक्षात केसभर उघडा राहतो. पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर टॅपेट पाहिलाच पाहिजे, आणि गाडी पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी राहिल्यावर. दोन्ही वॉल मिटलेले असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र खडखडता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित जास्त मोकळा असला तर बरं. "आवाज येतो" म्हणून टॅपेट आवळून घेणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहेत. तो आवाज बंद होतो, पुढे वॉल जातो.

जुनी मंडळी म्हणतात, पूर्वीच्या पेट्रोलमध्ये जान होती. त्यात अर्धं तथ्य आहे. शिसं असलेलं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झालं. त्यातल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्टच्या सीटला झीज लागू देत नसे. पण ती झीज हळूहळू होते, दोन महिन्यांत कड जळण्याचं ते कारण नव्हे. (आणि ते शिसं मुलांच्या रक्तात जात होतं, त्याची आठवण काढून हळहळू नये.) आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलकडे मात्र लक्ष द्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, जुन्या कार्बोरेटरचा जेट तोच राहिला तर मिश्रण कोरडं पडतं आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. प्लगचं टोक पांढुरकं आणि अॅक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, ही त्याची खूण. जेट एक नंबर मोठा घालणं हे वॉल बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आणि पुन्हा हेड खोलण्याआधी डीकॉम्प्रेसर बघा. त्याची केबल ताणलेली राहिली तर कॉम्प्रेशन तिथूनच जातं आणि आळ वॉलवर येतो. तो ठीक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून किक मारा. जोर वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर वॉलचा.

आखातात जाणाऱ्यांनी गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावं. प्लगच्या भोकात थोडं ऑइल घालून किक दोन-चार वेळा दाबावी, प्लग लावावा, मग किक सावकाश दाबत जोर लागेल तिथे थांबावं. तिथे दोन्ही वॉल मिटलेले असतात. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधावं. परतल्यावर उत्साहात पहिली किक मारू नये. प्लग काढून, हेडवरची दोन्ही रॉकर झाकणं उघडून, किक हातानं हळू दाबत वॉल खाली जातात आणि पुन्हा पूर्ण वर येतात का ते पाहावं. एखादा वरच येत नसेल तर दांडीपाशी थोडं डिझेल सोडून एक रात्र थांबावं.