खारे पाणी आणि राठ केस

अकोल्याहून म्हैसांगमार्गे दर्यापूरकडे निघालात की बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. या पाण्याला साबणाचा फेस धड येत नाही, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तरी केस राठ झाले की आपण पाणी सोडून तेलाची बाटली बदलतो.

केसाला लागणारे तेल डोक्याच्या त्वचेतून येते आणि मुळाकडून खाली उतरते. म्हणून लांब केसांची टोके आधी कोरडी पडतात. जड पाण्यातले क्षार अंगाच्या साबणाशी मिळून चिकट साका करतात, तो केसांवर बसतो. तेव्हा डोक्याला साबण नकोच. शाम्पू थोडा, तोही टाळूपुरता, आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे. नळ रोज येत नाही, हे मान्य; पण दोन तांबे निघतात.

तेल धुण्याआधी लावावे. धुताना केसांतल्या प्रथिनांची होणारी झीज खोबरेलाने कमी होते, सूर्यफूल तेलाने नाही, असे 2003 च्या एका अभ्यासात दिसले. तो खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हेही सांगून ठेवते. पण आपल्या नानी-दादींचा अनुभव वेगळा नाही. मेंदी मात्र वारंवार लावली तर केस आणखी कोरडे करते.

शाळेत सकाळी मुली ओल्या केसांवरच स्कार्फ घट्ट बांधून येतात. ओला केस ताणला की लवकर तुटतो. अम्मींनो, डोके आदल्या संध्याकाळी धुवायला सांगा.

कोरडा केस मधूनच तुटतो. मुळापासून गळणे वेगळे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत थोड्या दिवसांत लोकांना टक्कल पडले. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. म्हणून केस झुपक्याने हातात येऊ लागले, किंवा कोरड्या केसांबरोबर मुलगी सारखी थकलेली दिसली, तर घरगुती लेपांत महिने घालवू नका. लग्नाच्या मुलीची तपासणी लोकांना कळेल, ही भीती तर अजिबात नको. अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन गाठा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइडबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.