गाडीतला हीटर

मंडळी, मस्कतमध्ये एसी बिघडला की आपण त्याच दिवशी गॅरेज गाठतो. हीटरकडे कोण बघतो? गेल्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब जबल अख्दरला मुक्कामाला गेलो. सैकचे पठार सुमारे २००० मीटर उंचीवर. पहाटे परत निघालो तर काचा धुरकटलेल्या, धाकटी कुडकुडतेय, आणि आमच्या जुन्या फोर-व्हीलचा हीटर गार वारा फेकतोय! तापमानाचा काटा तळाशीच.

कारण घरी आल्यावर कळले. गाडी तापू नये म्हणून मागे एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. हीटरला ऊब मिळते ती इंजिनातल्या गरम पाण्याची. पाणीच तापेना तर तो बिचारा काय करणार? नवा थर्मोस्टॅट बसवला, काम झाले.

काटा मध्यावर असूनही हवा गार असेल, तर इंजिन थंड असताना रेडिएटरचे पाणी बघावे (गरम असताना झाकण मुळीच उघडू नये). पाणी भरलेले असेल तर इंजिन चालवून तापवावे, मग बंद करून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप जपून चाचपावेत. एक गरम, दुसरा गार म्हणजे व्हॉल्व्ह अडकला किंवा आतली जाळी गाळाने तुंबली. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतल्याचा हा प्रसाद. आम्हीही ओतले आहे.

डोंगरावर जाण्याआधी मस्कतमध्येच दहा मिनिटे हीटर लावून बघा. घामाघूम व्हाल, पण बिरकत अल मौझची चौकी ओलांडण्याआधी कळेल तरी!