आधी एक गेम पुरा करा, मग क्लासची फी भरा

बारावीची परीक्षा संपली की गेम बनवायला शिकायचं अनेक मुलांच्या मनात येतं. मग घरात क्लासच्या फीची चर्चा तरी सुरू होते, नाहीतर यूट्यूबवरचे व्हिडिओ 'नंतर बघू' म्हणून साठत जातात. दोन्ही थोडं थांबवा. सुरुवातीला लागणारं सगळं फुकट मिळतं.

कोणतं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घ्यायचं यावर मुलं महिनोन्‌महिने वाद घालतात. माझं मत विचाराल तर गोडो घ्या. ते २०१४ पासून मुक्त आहे, डाउनलोड लहान आहे आणि तुमच्या गेमने पैसे मिळवले तरी त्यात वाटा मागत नाही. लॅपटॉप साधा असेल तर नवा प्रोजेक्ट उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडा. त्याची कोड लिहायची भाषा, जीडीस्क्रिप्ट, पायथनच्या वळणाची आहे. युनिटी आणि अनरिअल ही दुसरी इंजिनंही कमी दर्जाची नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा गेम अनरिअलवरच बनला. पण युनिटीने २०२३ मध्ये गेम किती वेळा इन्स्टॉल होतो त्यावर फी लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते मागे घेतलं, हेही माहीत असू द्या.

गोडोच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत पहिला टू-डी गेम पायरीपायरीने करून दाखवला आहे. शत्रूंना चुकवत जितका वेळ टिकाल तितके गुण. तो नुसता वाचू नका आणि कोड कॉपी-पेस्ट तर अजिबात करू नका. हाताने टाइप करा. चालू झाला की मोडा. वेग दुप्पट करा, शत्रू वाढवा, गुण उलटे मोजा. खरं शिकणं या मोडतोडीत होतं, व्हिडिओ बघण्यात नाही.

त्यानंतर पाँग हा टेबल टेनिससारखा साधा गेम बनवा. १९७२ साली अटारी या गेम कंपनीत नव्याने आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्नला तो हात बसावा म्हणूनच बनवायला दिला होता, तेव्हा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. हार्वर्डचा गेम डेव्हलपमेंटचा मोफत कोर्सही पाँगपासूनच सुरू होतो. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलकडे वळा. तिथले बरेच पाठ मराठीतून ऐकता येतात. कोड कधी पाहिलाच नसेल, तर आधी थोडे दिवस स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड शिकायचं साधन, वापरा.

चित्रं काढता येत नाहीत ही सबब चालणार नाही. 'केनी' या साइटवरची चित्रं विकायच्या गेममध्येसुद्धा मोफत वापरता येतात. गूगलवर सापडलेलं चित्र मात्र उचलू नका, ते कुणाचं तरी असतं.

पालकांना एवढंच सांगेन: फी भरण्याआधी क्लासला त्यांच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले गेम दाखवायला सांगा आणि ते स्वतः खेळून बघा. भिंतीवरची सर्टिफिकेटं पुरेशी नाहीत.

आणि मुलांनो, गेम तयार झाला की इच डॉट आयओ या साइटवर टाका. तिथे तो ब्राउझरमध्ये खेळता येतो. मित्राला खेळायला बसवा, शेजारी गप्प बसा, काहीही समजावून सांगू नका. तो जिथे अडेल ते वहीत लिहा आणि आधी तेवढं दुरुस्त करा.